अबोल चिपांची नोंदवही

संगणक सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत ऑपरेटिंग सिस्टीमचा जो गाभा स्मृतीत ठाण मांडून असतो आणि प्रोसेसर, स्मृती व जोडलेली सारी उपकरणे यांचा कारभार पाहतो, त्याला कर्नल म्हणतात. आणि एखाद्या विशिष्ट उपकरणाशी कसे वागायचे, त्याच्या कोणत्या कप्प्यात कोणती संख्या लिहिली असता ते काय करील, हे ज्या प्रोग्रॅममुळे कर्नलला कळते तो ड्रायव्हर. लिनक्स या मुक्त कर्नलच्या मूळ संहितेचा निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरांनीच व्यापला आहे, कारण जगात जितक्या तऱ्हेची उपकरणे तितक्या तऱ्हेचे त्यांचे स्वभाव. मात्र ड्रायव्हर लिहून झाला म्हणजे काम संपले असे होत नाही. समोर आलेले उपकरण नेमके कोणते आहे आणि हजारो ड्रायव्हरांपैकी कोणी त्याचा ताबा घ्यायचा, हा प्रश्न त्याच्याही आधी सुटावा लागतो. तो सुटतो ओळखनामांमुळे, आणि ती ओळखनामे कोणी, कुठे व कशी नोंदवून ठेवायची याचे एक स्वतंत्र शास्त्र गेल्या काही दशकांत तयार झाले आहे. बाहेरच्यांना ते रुक्ष कारकुनी वाटते, पण खिशातला फोन पुढच्या आवृत्तीचा कर्नल चालवू शकेल की नाही, हे पुष्कळदा त्यावर अवलंबून असते.

ओळखीच्या दृष्टीने पाहता उपकरणांचे सरळ दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातली उपकरणे विचारले असता आपली ओळख स्वतः सांगतात. मेजावरच्या संगणकात ग्राफिक्स किंवा नेटवर्कचे कार्ड ज्या जोडमार्गावर बसते त्या पीसीआयची पहिली विनिर्देशिका १९९२ साली आली. तिच्यानुसार प्रत्येक कार्डात माहितीचा एक ठरावीक कप्पा असतो आणि त्याच्या अगदी सुरुवातीला १६ बिटांच्या दोन संख्या असतात, एक उत्पादकाची व दुसरी त्या उत्पादनाची. उत्पादकांना या संख्या पीसीआय-सिग ही उद्योगसंघटना वाटून देते. इंटेलने आपल्यासाठी ८०८६ ही संख्या घेतली, जी तिच्या १९७८ च्या गाजलेल्या प्रोसेसरचीही आहे. ही संख्या हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पायावरच्या, पद्धतीत वाचायची असते. त्याच पद्धतीत एएमडीची संख्या १०२२ आहे. यूएसबीनेही हीच रीत उचलली. ड्रायव्हर लिहिणारा आपल्या संहितेत ‘ही माझी उपकरणे’ अशी संख्यांची एक सारणी ठेवतो. कर्नल तयार होताना अशा सगळ्या सारण्यांतील नोंदी एका फायलीत गोळा होतात, आणि नवे उपकरण जोडले गेले की त्याच्या संख्यांवरून एक ओळ बनवून ती या फायलीशी ताडून पाहिली जाते. जुळणी झाली की योग्य ड्रायव्हर आपोआप स्मृतीत चढतो, आणि वापरणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

ही व्यवस्था चोख असली तरी तिचा सारा आधार उपकरणाच्या बोलण्यावर आहे, आणि ते बोलणे खरेच असेल याची हमी कोणी देत नाही. स्कॉटलंडमधील एफटीडीआय या कंपनीची, यूएसबीचे रूपांतर जुन्या सिरियल जोडणीत करणारी चिप जगभर वापरली जाते. कंपनीचा उत्पादक क्रमांक ०४०३ आणि तिच्या सर्वांत परिचित चिपचा उत्पादन क्रमांक ६००१. तिची नक्कल करणाऱ्यांनी चिपबरोबर हे क्रमांकही उचलले, कारण क्रमांक तोच असला की विंडोजमध्ये मूळ कंपनीचाच ड्रायव्हर फुकटात चालतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये विंडोजच्या नेहमीच्या अद्ययावतीकरणातून एफटीडीआयचा एक नवा ड्रायव्हर लोकांच्या संगणकांत पोचला, जो नकली चिप ओळखून तिच्या आत साठवलेला उत्पादन क्रमांक शून्य करून टाकीत असे. चिप शाबूत, तारा शाबूत, पण क्रमांक शून्य झाल्यामुळे कोणताही ड्रायव्हर तिला आपली म्हणेना. गदारोळ झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. लिनक्सच्या बाजूने उत्तर मोजक्या ओळींचे होते: संबंधित ड्रायव्हरच्या सारणीत ०४०३ आणि शून्य ही जोडी भरली गेली, आणि लिनक्सवर त्या निकामी ठरवलेल्या चिपा पुन्हा चालू लागल्या. नक्कल करणाऱ्याचे समर्थन कोणी करणार नाही; परंतु ज्याने अस्सल समजून पैसे मोजले होते त्या ग्राहकाच्या हातातले यंत्र दुरून निकामी करणे हा कोणता न्याय, हा प्रश्न त्या वेळी विचारला गेला तो योग्यच होता.

दुसऱ्या वर्गातली उपकरणे अबोल आहेत, आणि खरी अडचण तिथे आहे. मोबाइल फोन, घरातला वायफाय राउटर, टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स, गाडीतील नियंत्रक या साऱ्यांमध्ये प्रोसेसर व त्याच्या सोबतची अनेक उपकरणे एकाच चिपवर कोरलेली असतात. त्या चिपला सिस्टीम-ऑन-चिप म्हणतात, आणि तिच्या आतले घटक ठरावीक पत्त्यांवर मुकाट बसलेले असतात. तिच्याबाहेर बोर्डावर ज्या लहानसहान चिपा असतात, म्हणजे घड्याळ, तापमापक, बॅटरीवर लक्ष ठेवणारी चिप, स्पर्शपटलाचा नियंत्रक, त्या बहुधा आयस्क्वेअर्डसी या दोन तारांच्या जोडमार्गावर असतात. फिलिप्स कंपनीने हा मार्ग १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस दूरचित्रवाणी संचांतील चिपा एकमेकींशी जोडण्यासाठी तयार केला. त्यात प्रत्येक चिपला ७ बिटांचा पत्ता असतो, म्हणजे एकूण १२८ पत्ते, आणि त्यातले १६ राखीव असल्याने हाती उरतात ११२. बाजारात मात्र या मार्गावरच्या हजारो प्रकारच्या चिपा आहेत. त्यामुळे एकच पत्ता अनेकींच्या वाट्याला येणे अटळ आहे आणि पत्त्यावरून ओळख पटवणे अशक्य.

छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्यांना ठाऊक असलेले उदाहरण घ्यायचे तर डीएस१३०७ ही घड्याळाची चिप हेक्साडेसिमल ६८ या पत्त्यावर असते, आणि एमपीयू-६०५० हा हालचाल व फिरकी मोजणारा संवेदकही मुळात ६८ वरच असतो. दुसरीच्या आत ‘मी कोण’ हे सांगणारा एक कप्पा आहे. पहिलीत तशी काहीच सोय नाही. ६८ वर कोणीतरी हुंकार भरला एवढेच कर्नलला कळते. तो हुंकार घड्याळाचा की फिरकी-संवेदकाचा, हे नुसत्या हुंकारावरून कळण्यास मार्ग नाही.

मग चाचपून पाहावे, थोडे वाचावे, थोडे लिहावे आणि प्रतिसादावरून अंदाज बांधावा, असे कोणालाही सुचेल, आणि एके काळी तसे केलेही जात होते. त्याची किंमत आयबीएमच्या काही थिंकपॅड लॅपटॉपांच्या मालकांनी मोजली. संगणकाचे तापमान व पंख्यांचा वेग वाचण्यासाठी लिनक्सवर असलेल्या एलएम-सेन्सर्स या संचातील शोधप्रोग्रॅम प्रत्येक पत्त्यावर एक लहानसा निरुपद्रवी संकेत पाठवून पाहत असे. त्या लॅपटॉपांमध्ये एटी२४आरएफ०८ नावाची एक स्मृतिचिप होती, यंत्राची मूलभूत माहिती तिच्यात साठवलेली होती, आणि हा निरुपद्रवी संकेत ती लिहिण्याची आज्ञा समजून बसे. आतली माहिती बिघडली की लॅपटॉप पुढच्या वेळी सुरूच होत नसे. तापमान पाहू गेलेल्या माणसाच्या हाती बंद यंत्र येई. या प्रकारानंतर त्या संचाच्या कागदपत्रांत थिंकपॅडसाठी ठळक इशारा आला, शोधप्रोग्रॅमने असे लॅपटॉप ओळखून माघार घ्यायला सुरुवात केली, आणि अबोल चिपांना विचारून उपयोग नाही, त्यांच्याविषयी दुसऱ्या कोणीतरी सांगितले पाहिजे, ही गोष्ट पक्की झाली.

हा ‘दुसरा कोणीतरी’ म्हणजे बोर्ड बनवणारा, कारण कोणती चिप कुठे जोडली हे त्यालाच माहीत असते. प्रश्न इतकाच की त्याने ते कुठे लिहावे. फोन व राउटरमध्ये सर्रास असणाऱ्या आर्म जातीच्या प्रोसेसरांसाठी लिनक्समध्ये बरीच वर्षे जी पद्धत होती तिच्यात प्रत्येक बोर्डासाठी कर्नलमध्येच सी भाषेतील एक फाइल लिहिली जाई आणि प्रत्येक बोर्डाला एका मध्यवर्ती यादीतून क्रमांक दिला जाई. सुरू होताना बोर्ड तो क्रमांक कर्नलला सांगे आणि कर्नल संबंधित फाइल उघडी. बोर्ड दहा-वीस असताना हे ठीक होते. स्मार्टफोनच्या लाटेत बोर्डांची संख्या हजारांत गेली, जवळजवळ सारख्याच फायलींचे ढीग साचले, आणि मार्च २०११ मध्ये लिनक्सचे निर्माते लिनस टोरवाल्ड्स यांनी या पसाऱ्यावर उघड व तिखट शब्दांत नाराजी व्यक्त केली. बोर्डाचे वर्णन हा प्रोग्रॅम नव्हे, ती माहिती आहे, तेव्हा ती कर्नलच्या बाहेर असली पाहिजे, हा विचार त्यानंतर आर्मच्या जगात झपाट्याने रुजला.

त्यासाठी नवे काही शोधावे लागले नाही. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीच्या संगणकांतील प्रारंभिक प्रोग्रॅम यंत्रातील सर्व उपकरणांची माहिती झाडासारख्या रचनेत ठेवून ती ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती देत असे. तीच पद्धत ओपन फर्मवेअर या नावाने १९९४ मध्ये आयईईई १२७५ हे मानक झाली आणि ॲपल व आयबीएमच्या पॉवरपीसी यंत्रांतही गेली. २००५ च्या सुमारास पॉवरपीसीवरील लिनक्सने तिचे एक सपाट, फाइलीच्या रूपातले संक्षिप्त स्वरूप स्वीकारले, ज्यामुळे मूळ फर्मवेअर नसलेल्या लहान बोर्डांनाही ती वापरता येऊ लागली. आर्मने घेतली ती हीच. आज तिला डिव्हाइस ट्री म्हणतात आणि तिची स्वतंत्र विनिर्देशिका २०१६ पासून प्रसिद्ध होत आहे. बोर्ड बनवणारा साध्या मजकुरात वृक्ष लिहितो, त्याचे यंत्राला समजेल अशा लहान फायलीत रूपांतर होते, आणि यंत्र सुरू होताना कर्नलच्या जोडीने ती फाइलही स्मृतीत चढवली जाते.

या वृक्षात घड्याळाच्या चिपची नोंद जेमतेम तीन-चार ओळींची असते. वरच्या ओळीत ‘आरटीसी@६८’ असे नाव, म्हणजे ६८ पत्त्यावरचे घड्याळ. खाली ‘रेग’ या गुणधर्मात पुन्हा तोच पत्ता. आणि त्यांच्याबरोबर ‘कम्पॅटिबल’ या गुणधर्मात अवतरणचिन्हांत ‘डलास,डीएस१३०७’ ही अक्षरे. सारे महत्त्व या शेवटच्या ओळीचे आहे. स्वल्पविरामाच्या आधी उत्पादकाचा उपसर्ग आणि नंतर चिपचे मॉडेल, अशी तिची घडण असते. ड्रायव्हरच्या सारणीतही अक्षर न अक्षर हीच ओळ असते. दोन्ही जुळल्या की ड्रायव्हर त्या चिपचा ताबा घेतो. पीसीआयमध्ये जे काम चिपवर कोरलेल्या दोन संख्या करतात ते इथे माणसांनी आपसांत ठरवलेले एक नाव करते, आणि म्हणूनच ते नाव कुठेतरी लिहून ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही.

या गुणधर्मात एकाहून अधिक नावे देता येतात, आणि त्यांचा क्रम अर्थपूर्ण असतो. आधी सर्वांत नेमके नाव, मग उतरत्या क्रमाने अधिकाधिक सर्वसाधारण. विनिर्देशिकेतच दिलेले उदाहरण फ्रीस्केलच्या एमपीसी८६४१ या चिपमधील सिरियल पोर्टाचे आहे, ज्यात आधी ‘एफएसएल,एमपीसी८६४१’ व मागाहून ‘एनएस१६५५०’ अशी दोन नावे आहेत. कर्नलकडे पहिल्या नावाचा खास ड्रायव्हर असेल तर तो वापरावा, नसेल तर नॅशनल सेमिकंडक्टरच्या जुन्या १६५५० या सिरियल चिपचा ड्रायव्हर चालवावा, कारण नवी चिप तिच्याशी सुसंगत आहे, असा त्याचा अर्थ. आता जुन्या ड्रायव्हरने काम भागत असताना पहिल्या नावाची गरज काय, अशी शंका येते. तिचे उत्तर भविष्यात आहे. दोन वर्षांनी त्या विशिष्ट चिपमध्ये एखादा दोष आढळला आणि त्यावर उतारा म्हणून ड्रायव्हरने तिच्यापुरते वेगळे वागायचे ठरले, तर ती चिप ओळखण्याचा उपाय हाच. बोर्ड तोवर विकले गेलेले असतात आणि त्यांतील वृक्ष बदलायला कोणी घरोघर जात नाही. नेमके नाव सुरुवातीलाच लिहून ठेवलेले असेल तर नुसता कर्नल बदलून दोष निवारता येतो.

नावातला बारीक फरक किती दूरवर पोचतो हे घड्याळाच्या चिपांवरून चांगले दिसते. डीएस१३०७ आणि तिच्याहून अचूक असलेली डीएस३२३१ या दोघी एकाच पत्त्यावर असतात आणि सेकंद, मिनिटे, तास, वार, तारीख, महिना, वर्ष हे पहिले सात कप्पेही दोघींचे एकाच क्रमाने येतात. त्यामुळे एकीच्या जागी दुसरीचे नाव लिहिले तरी वेळ बहुधा बरोबर दिसते, आणि घोटाळा इथेच सुरू होतो. डीएस१३०७ मध्ये, शून्यापासून मोजता, ८ क्रमांकाच्या कप्प्यापासून पुढे ५६ बाइटांची मोकळी स्मृती आहे, जिच्यात कोणी काहीही साठवून ठेवावे. डीएस३२३१ मध्ये त्याच क्रमांकापासून गजराची मिनिटे, तास व दिवस आणि त्यापुढे नियंत्रणाचा कप्पा आहे. चुकीच्या नावाखाली कोणी त्या ‘मोकळ्या’ जागेत काही लिहिले की गजर आणि नियंत्रण दोन्ही विस्कटू शकतात. लिनक्समधील आरटीसी-डीएस१३०७ हा ड्रायव्हर या दोघींसह वेगवेगळ्या उत्पादकांच्या डझनाहून अधिक चिपा सांभाळतो, आणि कोणत्या चिपला मोकळी स्मृती आहे, ती कुठून सुरू होते, कोणाला गजर आहे, हे सगळे तो केवळ जुळलेल्या नावावरून ठरवतो. चिपला विचारण्याची सोय नसल्याने त्याच्याजवळ दुसरा पुरावा नसतो.

आता नोंदीकडे वळायचे. डिव्हाइस ट्रीमध्ये एखाद्या उपकरणासाठी कोणते नाव वापरायचे, त्याच्यासोबत कोणते गुणधर्म अनिवार्य, कोणते ऐच्छिक आणि त्यांची मूल्ये कोणती, याच्या लेखी कराराला बाइंडिंग म्हणतात. लिनक्सच्या संहितेत दस्तऐवजांसाठी जो विभाग आहे त्यात बाइंडिंगांच्या हजारो फायली आहेत. रिवाज असा की नवा ड्रायव्हर पाठवणाऱ्याने आधी बाइंडिंगचा दस्तऐवज द्यायचा आणि त्यानंतरच्या पॅचमध्ये ड्रायव्हर. पॅच म्हणजे संहितेतील प्रस्तावित बदल. पॅच पाठवण्यापूर्वी तपासणारा जो चेकपॅच नावाचा प्रोग्रॅम आहे तो ड्रायव्हरच्या सारणीतील प्रत्येक नाव दस्तऐवजांत शोधतो, आणि सापडले नाही तर हे नाव नोंदवलेले दिसत नाही असा इशारा देतो. प्रोग्रॅमरांच्या जगात आधी संहिता आणि सवड मिळालीच तर दस्तऐवज अशी सर्वसाधारण रीत असताना इथे क्रम उलटा आहे, आणि त्यामागे कारण आहे. ड्रायव्हर उद्या मुळापासून नव्याने लिहिता येतो. एकदा विकल्या गेलेल्या उपकरणातील नाव परत घेता येत नाही. जुना वृक्ष घेऊन सुरू होणारे यंत्र नव्या कर्नलवरही चालले पाहिजे, असा या मंडळींचा दंडक आहे.

बाइंडिंगमध्ये काय लिहावे यापेक्षा काय लिहू नये याविषयीचे नियम अधिक उद्बोधक आहेत. तिच्यात लिनक्सचा किंवा ड्रायव्हरचा उल्लेख करायचा नाही, कारण वर्णन हार्डवेअरचे आहे आणि ते वाचणारे फ्रीबीएसडीसारखे दुसरे कर्नल किंवा यू-बूटसारखे प्रारंभिक प्रोग्रॅमही असतात. याच कारणाने नव्या बाइंडिंगा जीपीएल व बीएसडी अशा दुहेरी परवान्याखाली द्याव्यात असा आग्रह असतो. आजच्या ड्रायव्हरला चिपची एखादी सोय वापरता येत नसली तरी वर्णन शक्य तितके पूर्ण करायचे. आणि नावात एक्स घालून सबंध कुटुंब एका दमात उरकायचे नाही, कारण उद्या त्याच साच्यात बसणारे पण वेगळ्या स्वभावाचे मॉडेल बाजारात आले की त्या नावाचा अर्थ फुटतो. गंमत अशी की याच घड्याळांच्या बाइंडिंगमध्ये ‘मायक्रोचिप,एमसीपी७९४०एक्स’ हे नाव आजही आहे. नियमाला धरून नाही, पण ते यंत्रांतून गेलेले असल्याने काढता येत नाही.

उत्पादकांच्या उपसर्गांची वेगळी फाइल आहे आणि तिच्यात उद्योगजगताचा इतिहास नकळत साठत गेला आहे. जमिनीचा मालक बदलला तरी सर्व्हे नंबर तोच राहतो, तसे या उपसर्गांचे आहे. डलास सेमिकंडक्टर कंपनी २००१ मध्ये मॅक्सिमने घेतली आणि मॅक्सिम २०२१ मध्ये ॲनालॉग डिव्हायसेसकडे गेली, पण डीएस१३०७ अजून ‘डलास’ आणि डीएस३२३१ ‘मॅक्सिम’ या उपसर्गाखालीच आहे. फ्रीस्केल २०१५ च्या अखेरीस एनएक्सपीत विलीन झाली, तरी तिच्या आयएमएक्स मालिकेतील पुढे आलेल्या चिपांनाही ‘एफएसएल’ हाच उपसर्ग मिळत राहिला. ॲटमेल, अल्टेरा, झायलिंक्स यांच्या बाबतीत वेगळे नाही. कंपन्यांच्या जनसंपर्क विभागांना हे रुचत असेल असे नाही. परंतु विलीनीकरण झाले म्हणून नावे बदलू लागली तर सुसंगतता या शब्दाला काही अर्थच उरणार नाही. याच फाइलीच्या आरंभी ‘हे उत्पादक नव्हेत’ असे सांगून ‘जीपीआयओ’सारख्या काही उपसर्गांची यादी दिली आहे आणि तिच्यात नवी भर घालू नये अशी सक्त सूचना आहे. शिस्त येण्यापूर्वी जे घडून गेले त्याला इतकाच बांध घालता येतो.

आरंभीच्या बाइंडिंगा साध्या गद्यात लिहिल्या जात. प्रत्येकाची भाषा वेगळी, मांडणी वेगळी, आणि माणसाने वाचून ताडून पाहण्याखेरीज तपासणीचा मार्ग नाही. पुनर्विलोकन करणाऱ्याचे डोळे थकले की चूक निसटे. डिव्हाइस ट्रीच्या बाइंडिंगांची देखरेख करणारे रॉब हेरिंग यांच्या पुढाकाराने २०१८-१९ च्या सुमारास त्या यॅमल या मजकूर-पद्धतीत, जेसन-स्कीमा या नियमभाषेच्या आधारे लिहिल्या जाऊ लागल्या. त्यामुळे दस्तऐवज माणसाला वाचता येतो आणि त्याच दस्तऐवजावरून यंत्राला वृक्षही तपासता येतो. घड्याळांच्या बाइंडिंगमध्ये वर शीर्षक व जबाबदार व्यक्ती, मग मान्य नावांची यादी, आणि त्याखाली प्रत्येक गुणधर्माच्या अटी आहेत. त्यांतला एक गुणधर्म आधाराच्या बॅटरीला हळूहळू प्रभारित करणाऱ्या मंडलातील रोधाचा आहे. तो काही ठरावीक चिपांनाच लागू पडतो, त्याची मान्य मूल्ये २५०, २००० व ४००० एवढीच, आणि एककाविषयी घोळ होऊ नये म्हणून ‘ओहम्स’ हा शब्द गुणधर्माच्या नावातच गुंफलेला आहे. ही केवळ टापटीप नव्हे. कोणत्या बोर्डावर प्रभारित होणारी बॅटरी आहे आणि कोणत्यावर घड्याळात असते तशी न होणारी नाणेवजा बॅटरी, हे चिपला कळत नाही; दुसरीला प्रभार देणे धोक्याचे असते, आणि तो द्यायचा की नाही हे या एका ओळीवर ठरते. कोणी चुकून ३००० लिहिले किंवा हा गुणधर्म डीएस१३०७ ला चिकटवला तर बोर्डाला वीज मिळण्यापूर्वी, वृक्षाची तपासणी होतानाच ते उघड होते.

साध्या चिपांसाठी एवढा खटाटोप लागत नाही. ज्यांना नाव, पत्ता आणि फार तर एक इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधणारी तार, यापलीकडे काही सांगायचे नसते, अशांसाठी एक सामायिक फाइल आहे. तिच्यात प्रत्येक चिपला एक ओळ आणि तिच्या डोक्यावर ती काय आहे हे सांगणारी एक टीप. अनेक नव्या योगदात्यांची लिनक्समधली पहिली नोंद अशा एका ओळीचीच असते.

या सगळ्या शिस्तीच्या बाहेर मोठे जग आहे, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे. अँड्रॉइड फोनांत लिनक्स कर्नल आणि डिव्हाइस ट्री दोन्ही असतात, पण फोन घाईने बाजारात आणणाऱ्या कंपन्या व त्यांना चिप पुरवणाऱ्या कंपन्या बहुधा कर्नलची स्वतःची वेगळी प्रत वापरतात. तिच्यातल्या अनेक नावांची मुख्य लिनक्समध्ये नोंद नसते, काही नावांचा अर्थ एका मॉडेलपासून पुढच्या मॉडेलपर्यंत बदललेला असतो, आणि गुणधर्मांच्या अटी कोणी लिहून ठेवलेल्या नसतात. फोन काही वर्षांचा झाला की कंपनी त्याच्यावरून हात काढते. त्यानंतर त्याच्यावर नवा कर्नल चढवू पाहणाऱ्या हौशी माणसाला प्रत्येक नावामागची चिप व प्रत्येक संख्येमागचा हेतू जुन्या संहितेतून उकरून काढावा लागतो. जुना फोन टाकून देण्यामागे कारणे अनेक असतात. न लिहिलेल्या बाइंडिंगा हे त्यांतले एक.

मुख्य लिनक्समध्येही जुन्या गद्य फायलींचे रूपांतर वर्षानुवर्षे चालू आहे, आणि मागे राहतात त्या स्वभावतः अवघड: ज्यांचा मूळ लेखक दुसरीकडे गेला, ज्या चिपची माहितीपुस्तिका कधी खुली झालीच नाही, किंवा ज्यांच्यात लिहिले होते एक आणि बोर्डांनी केले दुसरेच. अशा वेळी तपासणीचा प्रोग्रॅम विसंगती दाखवतो, पण चूक वृक्षाची की दस्तऐवजाची हे त्याला ठरवता येत नाही. तो निर्णय पुनर्विलोकन करणाऱ्यांना एकेक नोंद पाहून घ्यावा लागतो. ज्या यंत्रांत तो वृक्ष जाऊन बसला आहे ती लोकांच्या घरात चालू असतील, आणि कर्नल त्या वळणाला सरावलेला असेल, तर बहुतेकदा दस्तऐवजच दुरुस्त केला जातो, आणि जुन्या नावापुढे ते कालबाह्य असल्याची खूण करून ते यादीत तसेच राहू दिले जाते.